अडीच फुटांचे रूळ : येडशी ते योक्काइची

धाराशिव जिल्ह्याचा नकाशा काढायला सांगितला की आमच्या शाळेतली मुले आधी बालाघाटचे डोंगर काढतात, मग मांजरा, तेरणा, बोरी या नद्या, मग तुळजापूर, नळदुर्ग, परांडा. रेल्वेची रेघ सर्वांत शेवटी येते आणि पुष्कळदा राहूनच जाते. मुलांना दोष देता येत नाही. जिल्ह्याच्या मुख्य गावात रेल्वे आली ती २००७ साली. पण याच जिल्ह्याच्या उत्तर भागातून त्याआधी शंभर वर्षे एक रेल्वे धावत होती. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट होते. तिला सगळे ‘बार्शी लाइट’ म्हणत. मला जपानच्या रेल्वेची ओढ लागली ती वेगामुळे लागली असे घरचे समजतात. खरे तर ती या अडीच फुटांमुळे टिकली. कशी, ते सांगते.

छोट्या गाडीची मोठी गोष्ट

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग कुर्डुवाडीवरून गेला आणि बार्शीची पेठ बाजूला राहिली. कापूस आणि धान्य बैलगाड्यांवर लादून कुर्डुवाडीपर्यंत न्यावे लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने यावर तोड काढली. त्याचे म्हणणे होते की जिथे मोठी रेल्वे परवडत नाही तिथे रेल्वेच नको असे का? रूळ अरुंद ठेवा, वळणे तीव्र घ्या, पण डबे आणि इंजिने नीट विचार करून बनवा, म्हणजे कमी पैशात भरपूर माल वाहता येईल. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये, असा त्याचा नियम होता. त्यामुळे हलके रूळही पुरत. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे हा मार्ग येडशी, ढोकी, मुरूड करत १९११ साली लातूरला पोचला. दुसरा फाटा पंढरपूरमार्गे १९२७ साली मिरजेला गेला आणि त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, तर येडशी, ढोकी, लातूर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. म्हणजे एवढीशी गाडी रोज दोन राज्यांची हद्द ओलांडत होती. १९५४ साली भारत सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली.

हा कॅलथ्रॉप मोठा हरहुन्नरी माणूस होता. त्याला अरबी घोड्यांचा शौक होता आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांचा जीव वाचावा म्हणून त्याने एक पॅराशूटही तयार केले होते. रेल्वेच्या जाणकारांत जगभर त्याचे नाव घेतले जाते ते मात्र आपल्या बार्शी लाइटमुळे.

माझे आजोळ बार्शी. अम्मीबरोबर आम्ही भावंडे बसने येडशीला जायचो आणि तिथून या गाडीत बसायचो. रामलिंगच्या घाटात गाडी इतकी हळू चाले की पोरे खाली उतरून बोरे तोडतात आणि पुन्हा डब्यात चढतात, असे मामूजान रंगवून सांगत. आम्ही तसे कधी पाहिले नाही, पण खिडकीतून हात बाहेर काढला की झाडाची पाने हाताला लागत, हे खरे. डब्यात शेळी असे, ज्वारीची पोती असत, पंढरपूरला निघालेले वारकरी असत, आणि नानीसाठी नेलेला शीरखुर्म्याचा डबा सांडू नये म्हणून अम्मी तो मांडीवर घेऊन बसलेली असे. गाडी केव्हा पोचेल हे कोणी विचारत नसे. ‘पोचेल तेव्हा पोचेल’ हेच उत्तर सगळ्यांना माहीत होते.

मग मोठी रेल्वे आली. साडेपाच फुटांचे रूळ २००७ साली लातूरकडून आमच्या गावापर्यंत आले आणि २००८ साली पुढे कुर्डुवाडीला जोडले गेले. जुना मार्ग आमच्या गावाला टाळून जात होता, नवा मात्र वळसा घेऊन गावाला शिवून गेला. लोक पोराबाळांसह गाडी पाहायला गेले. मरहूम अब्बाही गेले होते. सगळी हयात त्यांनी रेल्वेसाठी येडशी नाहीतर सोलापूर गाठण्यात घालवली होती. अडीच फुटांचे रूळ उखडले गेले. कोणाला फार वाईट वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. मुंबईला रात्री निघून सकाळी पोचता येऊ लागले होते.

साडेतीन फुटांचा देश

त्या सुमारास मी रेल्वेविषयी मिळेल ते वाचू लागले. मराठी-उर्दू शिकवणारी बाई इंजिनांची पुस्तके का वाचते, असे शिक्षक-खोलीत विचारले जाई. पुढे मोबाइल आला आणि जपानच्या एनएचके वाहिनीवरचा ‘जपान रेल्वे जर्नल’ हा कार्यक्रम हाती लागला. रात्री सगळे झोपल्यावर मी तो पाहत बसते. जपानला मी गेलेली नाही. जाण्याइतके पैसे शिक्षकी पगारात साठत नाहीत. पण तिथली स्थानके आता मला कुर्डुवाडी जंक्शनइतकीच ओळखीची वाटतात.

पहिले आश्चर्य हे, की रेल्वेत आपण जपानच्या पुढे होतो. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. जपानची पहिली रेल्वे शिंबाशी ते योकोहामा १८७२ साली सुरू झाली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. तीही इंग्रज इंजिनियरांनीच बांधली, आणि सुरुवातीला इंजिन चालवणारेही इंग्रजच होते. डोंगराळ देश, तिजोरीत पैसा थोडा, म्हणून त्यांनी रूळ साडेतीन फुटांचे घेतले. आपण साडेपाच फुटांचे घेतले होते. आज जपानची बहुतेक लोकल आणि एक्सप्रेस रेल्वे त्याच साडेतीन फुटांवर धावते. टोकियोतल्या लोकल गाड्या, ज्यांच्या वक्तशीरपणाचे दाखले जगभर देतात, त्यांतल्या बहुतेक याच अरुंद रुळांवरच्या आहेत.

दुसरे आश्चर्य शिंकानसेनचे, ज्याला आपण बुलेट ट्रेन म्हणतो. ती १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो आणि ओसाका यांच्यात सुरू झाली. अंतर ५१५ किलोमीटर, वेग ताशी २१० किलोमीटर. तिच्यासाठी मात्र त्यांनी रुंद रूळ वेगळे टाकले आणि त्या मार्गावर एकही फाटक ठेवले नाही. महायुद्धात बेचिराख झालेल्या देशाने त्यानंतर वीस वर्षांच्या आत हे केले, तेही कर्ज काढून. जागतिक बँकेने त्यांना ८ कोटी डॉलर दिले होते. आज मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरच्या मार्गासाठी आपण जपानकडून कर्ज घेतो आहोत. वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही त्यावरची महाराष्ट्रातली स्थानके.

घरात मुलांना मी खंड्या पक्ष्याची गोष्ट सांगते, ती इथे सांगायलाच हवी. १९९७ साली ताशी ३०० किलोमीटर वेगाची नवी गाडी आली. त्याआधी अडचण अशी होती की एवढ्या वेगाने गाडी बोगद्यातून बाहेर पडली की हवेचा दाब सुटून बार उडाल्यासारखा आवाज होई. आजूबाजूला वस्ती होती. या कामावरच्या इंजिनियरांपैकी एजी नाकात्सु यांना पक्षी पाहण्याचा छंद होता. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसे उडत नाही, कारण त्याची चोच लांब आणि निमुळती असते. गाडीचे नाक तसेच केले गेले. नळदुर्गला बोरी नदीवर सहलीला गेल्यावर तारेवर बसलेला खंड्या दिसला की आता आमची मुले ‘बुलेट ट्रेन, बुलेट ट्रेन’ म्हणून ओरडतात. मला यात गंमत वेगळीच वाटते. गाडीत बसणाऱ्यांची सोय सगळेच पाहतात. इथे गाडीत न बसणाऱ्या, बोगद्याशेजारी झोपलेल्या माणसाच्या झोपेसाठी गाडीचा चेहरा बदलला गेला.

जमीन हलते तेव्हा

इथवर माझे कौतुक वेगाचे आणि हुशारीचे होते. ते खोल गेले ते भूकंपामुळे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या घरातली मांडणीवरची भांडी खणखणली आणि अम्मीने आम्हाला ओढत अंगणात नेले. सकाळी गल्लीत जो तो हेच सांगत होता, ‘रेल्वे गेल्यासारखा आवाज झाला.’ तेव्हा गावात रेल्वे नव्हतीच. पुढे दिवसभरात लोहारा, उमरगा आणि औसा भागातल्या बातम्या येत गेल्या. सास्तूर, किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. दुसऱ्या दिवशी अब्बा आणि मोहल्ल्यातली माणसे भाकरी आणि चादरी घेऊन गेली. परत आल्यावर अब्बा कितीतरी दिवस नीट जेवले नाहीत.

त्यानंतर सुमारे सव्वा वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानच्या कोबे शहरात तसाच पहाटे भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. शिंकानसेनचा उंच पूल कित्येक ठिकाणी कोसळला. वेळ होती ५ वाजून ४६ मिनिटे. पहिली गाडी सहाला सुटायची होती. पाव तासाच्या फरकाने हजारो प्रवासी वाचले. आपण याला अल्लाहची मेहेरबानी म्हणू, आणि ती होतीच. पण तिथल्या रेल्वेने मेहेरबानीवर विसंबून राहायचे नाही असे ठरवले. तीन महिन्यांच्या आत मार्ग पुन्हा सुरू झाला आणि त्यानंतर पुलांच्या खांबांना पोलादी आवरणे घालून ते मजबूत करण्याचे काम वर्षानुवर्षे चालले.

भूकंपात जमिनीतून दोन तऱ्हेच्या लहरी येतात. पहिली वेगवान पण सौम्य, दुसरी हळू पण घातक. पहिली लहर टिपून दुसरी येण्याआधी रुळांवरची वीज तोडायची आणि गाडीला आपोआप ब्रेक लागायचे, अशी यंत्रणा शिंकानसेनवर आहे. त्यासाठी भूकंपमापक समुद्रकिनाऱ्यावरही बसवले आहेत. ११ मार्च २०११ च्या महाभयंकर भूकंपात ईशान्य जपानमध्ये प्रवासी घेऊन धावणारी एकही शिंकानसेन रुळावरून घसरली नाही. किनाऱ्यावरच्या छोट्या मार्गांचे मात्र त्सुनामीने अतोनात नुकसान केले. १९६४ पासून आजवर शिंकानसेन घसरून किंवा धडकून एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही.

हेही सांगितले पाहिजे की अशी यंत्रणा १९९३ साली आपल्याकडे असती तरी किल्लारीला तिचा उपयोग झाला नसता. भूकंप थेट पायाखाली, उथळ जमिनीत झाला होता. दोन लहरींत अंतरच उरले नसते. तिथे जीव वाचवू शकली असती ती फक्त मजबूत घरे. जपानकडून शिकायचे ते यंत्रापेक्षा ही सवय : दुर्घटना झाली की रडून झाल्यावर बसून तिचे कारण शोधायचे आणि ते कारण पुन्हा उरू द्यायचे नाही.

कोबेविषयी आपल्या वाचकांना आवडेल अशी एक माहिती. जपानमधली सर्वांत जुनी मशीद याच शहरात आहे. ती १९३५ साली उभी राहिली आणि तिच्यासाठी पैसा देणाऱ्यांत तिथे व्यापार करणारे हिंदुस्थानी मुस्लिमही होते. १९४५ ची बॉम्बफेक आणि १९९५ चा भूकंप दोन्हींतून ती वाचली. सान्नोमिया स्थानकापासून पायी जाता येते.

बोट ठेवून वाचणे

जपानी मोटरमन गाडी चालवताना पांढरे हातमोजे घालतो आणि समोरचा सिग्नल दिसला की त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणतो, ‘सिग्नल हिरवा.’ घड्याळाकडे बोट, वेळ मोठ्याने. वेगाच्या काट्याकडे बोट, आकडा मोठ्याने. डब्यात तो एकटाच असतो, ऐकायला कोणी नसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येते. पण त्यांच्या रेल्वे संशोधन संस्थेने केलेल्या प्रयोगात असे दिसले की डोळा, हात आणि आवाज तिन्ही एका कामाला लावले तर चुका सुमारे सहापटीने घटतात.

मला हसू आले नाही, कारण हे मी लहानपणी केले आहे. तुम्हीही केले असेल. मकतबमध्ये उस्तादजींसमोर कायदा उघडला की प्रत्येक हरफावर बोट ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे. बोट न ठेवता घडाघड म्हणणाऱ्याला उस्तादजी पुन्हा पहिल्या ओळीवर आणत. ‘तुला पाठ आहे हे कळले, आता वाच,’ असे ते म्हणत. पाठ असलेले आणि पाहिलेले यांतला फरक त्यांना ठाऊक होता. मोटरमनलाही तो मार्ग पाठच असतो. तरी तो रोज नव्याने वाचतो.

अशीच दुसरी गोष्ट टोकियो स्थानकातल्या सफाईची. शिंकानसेन शेवटच्या स्थानकात आली की ती पुन्हा निघण्याआधी सफाई करणाऱ्यांना सात मिनिटे मिळतात. तेवढ्यात आसने फिरवायची, कचरा उचलायचा, टेबले पुसायची, विसरलेले सामान पाहायचे. काम झाले की सगळे ओळीत उभे राहून प्रवाशांना झुकून सलाम करतात. या कामात साठीच्या आसपासच्या बायकाही आहेत. त्यांच्याकडे पाहताना मला सफाईपेक्षा त्यांच्या चालण्यातला ताठपणा जास्त दिसतो. आपले काम हलके नाही, हे त्यांना कोणीतरी पटवून दिले आहे.

आणि वक्तशीरपणा. टोकियो-ओसाका शिंकानसेनचा वर्षभरातला सरासरी उशीर दर गाडीमागे अगदी थोडा असतो, आणि त्यात वादळ-पावसाचा उशीरही धरलेला असतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोजवळच्या एका गाडीने वेळेआधी वीस सेकंद स्थानक सोडले म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. गाडीला उशीर झाला तर स्थानकावर तसा छापील दाखला मिळतो, तो शाळेत किंवा कचेरीत दाखवायचा. शिक्षिका म्हणून मला हा दाखला फार आवडला. पोराला उशीर झाला तर आपण पोराला वर्गाबाहेर उभे करतो. तिथे रेल्वे लिहून देते की चूक मुलाची नाही, आमची आहे.

आपल्या घरांत वेळेचे मोल नवीन सांगायला नको. पाच वेळा अजान ऐकणारी माणसे आपण. सेहरी आणि इफ्तारच्या तक्त्यात आपण एकेक मिनिट पाहतो. तरीही निकाहच्या कार्डावर ‘जोहरनंतर’ छापलेले असते आणि दस्तरख्वान असरनंतर अंथरला जातो. समोरच्याचा वेळ ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे, पण ती रोजच्या व्यवहारात उतरलेली नाही. जपानी लोकांनी ती वेळापत्रकात उतरवली, एवढाच फरक.

मोबाइलवर फिरणारी गोष्ट आणि एक काळा दिवस

कौतुक डोळे मिटून करू नये, म्हणून दोन गोष्टी.

एक गोष्ट तुमच्याही मोबाइलवर आली असेल. होक्काइदो बेटावरचे एक निर्जन स्थानक म्हणे रेल्वेने फक्त एका शाळकरी मुलीसाठी चालू ठेवले आणि ती बारावी झाल्यावर बंद केले. हे स्थानक खरे आहे, नाव क्यू-शिराताकी. तिथून एक मुलगी शाळेला जात होती हेही खरे. ते मार्च २०१६ मध्ये बंद झाले. पण त्याच दिवशी शेजारची आणखी दोन स्थानके बंद झाली. कारण प्रवासीच उरले नव्हते. जपानचे वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये बदलते आणि शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते. म्हणजे ही गोष्ट फिरते तशी पूर्ण खरी नाही. खरी गोष्ट उदासच आहे : खेडी रिकामी होत आहेत आणि त्यांच्यामागोमाग रूळही उखडले जात आहेत. वर्गात मी दोन्ही सांगते.

दुसरी गोष्ट २५ एप्रिल २००५ ची. ओसाकाजवळ आमागासाकी इथे एक लोकल वळणावर घसरून इमारतीवर आदळली. १०७ माणसे मेली. मोटरमन २३ वर्षांचा होता, तोही गेला. आधीच्या स्थानकात गाडी फलाटाच्या पुढे गेली होती, ती मागे घेण्यात सुमारे दीड मिनिट गेले होते. ते भरून काढायला त्याने ताशी ७० च्या वळणावर ११६ चा वेग ठेवला. उशीर करणाऱ्या चालकांना तिथे ‘पुनर्प्रशिक्षण’ म्हणून अपमानास्पद शिक्षा दिल्या जात, हे पुढे उजेडात आले. दीड मिनिटाच्या भीतीने शंभरावर जीव घेतले.

हे वाचल्यावर माझे कौतुक संपले नाही, पण सरळ झाले. वेळ पाळणे चांगले, पण ज्याच्यासाठी वेळ पाळायची त्या माणसापेक्षा वेळ मोठी झाली की तिचा जुलूम होतो. वर्गातही मी पाहिले आहे की छडीच्या भीतीने पाठ केलेले मूल बोट ठेवून वाचत नाही, ते फक्त घाईने संपवते.

योक्काइचीची अडीच फूट

आता पुन्हा अडीच फुटांकडे. जपानच्या मिए प्रांतात योक्काइची नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तिथे सात किलोमीटरची एक छोटी रेल्वे आहे. तिचे रूळ ७६२ मिलिमीटरचे, म्हणजे नेमके अडीच फुटांचे. बार्शी लाइटचेच माप! २०१२ साली चालवणाऱ्या मोठ्या कंपनीने सांगितले की ही तोट्यात आहे, रूळ काढून बस चालवू. शहराने ऐकून घेतले आणि नको म्हटले. रूळ आणि डबे शहराने आपल्या मालकीचे केले. एप्रिल २०१५ पासून ती नव्या कंपनीच्या नावाने धावते. जुने डबे दुरुस्त करून त्यांत वातानुकूलन बसवले. नाव ठेवले ‘असुनारो’. जपानी भाषेत त्यात ‘उद्या काहीतरी होऊ या’ असा अर्थ निघतो, आणि अरुंद रुळासाठीचा ‘नॅरो’ हा इंग्रजी शब्दही त्यातच लपला आहे.

या गाडीत रोज बसतात ती मुख्यतः शाळा-कॉलेजची मुले. अरुंद डबा, समोरासमोर गुडघे टेकतील इतका. गणवेशातल्या मुली पुस्तक उघडून बसलेल्या. पहिल्यांदा हे चित्र पाहिले तेव्हा मला येडशीचा डबा आठवला, फक्त शेळी नव्हती. त्या डब्यातल्या मुलींना एक गोष्ट ठाऊक होती जी आम्हाला कधीच नव्हती : आपण किती वाजता घरी पोचू.

माझ्या दृष्टीने सगळा मुद्दा इथे येऊन थांबतो. आमच्या भागातली हुशार मुलगी दहावीनंतर लातूरला किंवा बार्शीला शिकायला जाऊ म्हणते. पालक शिक्षणाला विरोध करतातच असे नाही. आमच्या समाजाविषयी तसे बोलले जाते, पण माझ्यासमोर बसलेले अब्बा आणि अम्मी फी किती हे विचारतात आणि त्यानंतर विचारतात, ‘मॅडम, मगरिबच्या आत घरी येईल ना?’ या प्रश्नाला माझ्याकडे पक्के उत्तर नसते. वाहन वेळेवर आले तर येईल. माझ्या एका विद्यार्थिनीला दहावीला ८९ टक्के होते. तिचे अकरावीचे कॉलेज दिवाळीपर्यंत टिकले. रोज तिची वाट पाहत तिचे अब्बा रस्त्यावर उभे राहत, आणि अंधार पडू लागला तसे त्यांनी ठरवून टाकले. ती मुलगी नापास झाली नाही, तिला कोणी रागावले नाही. एका अनिश्चित संध्याकाळीने तिचे शिक्षण थांबवले. ताशी तीनशेच्या वेगाची तिला गरज नव्हती. साधी गाडी रोज ठरल्या मिनिटाला आली असती, तरी ती आज पदवीधर असती.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी मिळालेली आहे. इन्शाअल्लाह तो पूर्ण होईल आणि जिल्ह्याचा दक्षिण भागही रुळावर येईल. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. हे सगळे आनंदाचे आहे. पण गाडी मंजूर झाली की आपण पेढे वाटतो आणि गाडीच्या वेळेविषयी कोणी निवेदन देत नाही. ते द्यायला हवे. कॉलेज सुटण्याची वेळ काय, गाडीची वेळ काय, स्थानकावर दिवा आहे का, मुलींना बसायला जागा आहे का, स्थानकातून गावात यायला संध्याकाळी रिक्षा मिळते का, हे प्रश्न पालकांनी, शाळांनी, मोहल्ल्याच्या कमिट्यांनी मिळून विचारायचे आहेत. सरकारला कळवायचे आहेत आणि पुन्हा पुन्हा कळवायचे आहेत.

आणि जो भाग आपल्या हातात आहे तो आजपासून करायचा आहे. डब्यात साल टाकू नये. विनाकारण साखळी ओढू नये, कारण त्या दहा मिनिटांत पुढच्या स्थानकावर कोणाची तरी मुलगी अंधारात उभी असते. आपापल्या कामात, मग ते इंजिन चालवण्याचे असो, मुदपाकखान्यातले असो की वर्गातले, पाठ असले तरी बोट ठेवून वाचावे. योक्काइचीच्या लोकांकडे आपल्यापेक्षा रुंद रूळ नव्हते. अडीच फूटच होते. त्यावर रोज सकाळी सांगितलेल्या वेळी गाडी आणून उभी करायची, एवढे त्यांनी सोडले नाही.